डावीकडे बघणारी माणसं

"शून्यात?" दारातल्या पाटीवर बोट ठेवून आत्या म्हणाली. "कुणी लिहिलं हे?"

पाटी प्रदर्शनाच्या संयोजक बाईंनी लिहिली होती, आणि मन लावून लिहिली होती. रस्त्यावरची ही सगळी माणसं चौकटीबाहेर, डावीकडच्या शून्यात काहीतरी हरवलेलं शोधतायत, असं तिच्यावर लिहिलं होतं. सकाळपासून लोक ती वाचून गंभीर मान हलवत आत जात होते.

"शून्यात कशाला बघतील? रिकामटेकडी आहेत का ती?" आत्या म्हणाली. "माझ्याकडे बघतायत."

शेजारी उभ्या भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटो तिच्या आईने काढलेले. आई गेल्यावर पलंगाखालचे बिस्किटांचे डबे उघडले, तर आत फिल्मची भेंडोळी. जन्मभर भाजीची पिशवी घेऊन फिरलेल्या बाईने अख्खं शहर टिपून ठेवलं होतं, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. आत्याला होता. पण आत्याला विचारलं कुणी? ती आज सकाळीच गावाहून आली होती.

तिने संयोजक बाईंना हाताला धरून पहिल्या फोटोपाशी नेलं.

"कॅमेरा दिसला की माणसं ताठ होतात, दात काढतात. वहिनीला ते अजिबात खपायचं नाही. मग आम्ही दोघी निघायचो. मी एखाद्या दुकानदाराशी भांडण उकरून काढायचे. सगळा रस्ता माझ्याकडे बघायचा, आणि ही जरा लांब उभी राहून शालीखालून कॅमेरा काढायची. काम झालं की खोकायची. ती खोकली की मी गप्प. हा फोटो बघा, इथे मी सुतळी कुजकी निघाली म्हणून भांडतेय. आणि इथे... चपला असतील बहुतेक. जाऊ द्या, पण झकास भांडले होते. त्या माणसाचं तोंड बघा की!"

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. संयोजक बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी हातही सोडवून घेतला नाही.

"आजी, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण तुम्ही एकाही फोटोत नाही. उद्या कुणी विचारलं, तर मी काय दाखवू?"

"मी फोटोत आले असते, तर वहिनीने मला घरी बसवलं असतं."

"आत्या, आजच्या दिवशी नको ना," भाची कानाशी कुजबुजली. "लोक आईचं काम बघायला आलेत."

ते मात्र आत्याला लागलं. तोंडाळ म्हणून तिला सासरी-माहेरी सगळ्यांनी नावं ठेवली होती. गल्लीत तर 'तोफ'च म्हणायचे. या तोंडाचा काही उपयोग आहे, असं आयुष्यात एकटी वहिनी म्हणाली होती. तेवढंही त्या पाटीने पुसून टाकलं होतं.

"बरं," ती म्हणाली, आणि दाराशी स्टुलावर बसलेल्या पहारेकऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माझी छत्री कुठाय?"

"कुठली छत्री, आजी?"

"कुठली म्हणजे? आत येताना तुमच्या हातात दिली ती! इथे राखण करायला बसलात की डुलक्या काढायला?"

छत्री तिच्याच मनगटाला लटकत होती. काखेत कळसा, असं कुणीतरी पुटपुटलं. पण आवाज असा लागला होता की दालनातलं माणूस न् माणूस वळलं. शिडीवर चढून दिवा सरळ करणारा हात तसाच थांबला. वार्ताहराचं पेन कागदावर अडलं. एका बाईने पोराला जवळ ओढलं आणि स्वतः तोंड उघडं टाकून बघत राहिली.

भिंतीवर हीच तोंडं होती. हीच वर गेलेली भुवई, हाच अर्ध्यात थांबलेला हात. संयोजक बाईंनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा लोकांकडे. मग त्यांनी दारातली पाटी खिळ्यावरून उतरवली आणि काखोटीला मारली.

म्हणजे आत्या जिंकली होती. आता थांबायला हरकत नव्हती. पण ती कुठली थांबतेय! छत्रीवरून ती पहारेकऱ्याच्या गणवेशावर आली, गणवेशावरून त्याच्या सात पिढ्यांवर. आवाज चिरकायला लागला, डोळे भरून आले, तरी तोंडाचा पट्टा चालूच. आणि मधूनमधून ती खांबाजवळच्या मोकळ्या जागेकडे बघत होती.

"आत्या, पुरे," भाची म्हणाली. "अगं, पाटी काढली त्यांनी."

छे. ऐकतंय कोण?

मग भाचीच्या लक्षात आलं. ती हळूच खांबाजवळच्या त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली आणि खोकली.

आत्या शब्द अर्ध्यात तोडून गप्प झाली. तिने डोळे पुसले, छत्री नीट धरली.

"आज फार वेळ लावलास गं, वहिनी," ती म्हणाली.