न फुटलेला फुगा

ब्याण्णव साली निवृत्त झाल्यावर केशव सरांनी इंदापूरच्या घरातली मागची खोली काळे कागद लावून अंधारी केली. आत टेबलावर एक फुगा, शेजारी माईक, फ्लॅश आणि शटर उघडं ठेवलेला कॅमेरा. टाचणीनं फुगा फुटला, की त्या आवाजानंच फ्लॅश उडणार, पापणी लवायच्या आत. फुटतानाचा फुगा सरांना फोटोत धरायचा होता.

पण रोज चार वाजता बंद दाराबाहेरून श्यामलाबाई हाक मारायच्या, "अहो, चहा झाला!" आणि त्या आवाजानं फ्लॅश फुकट जायचा.

"घालवलास आजचाही फोटो!" सर आतून ओरडायचे.

"मग तुमच्या फुग्यालाच सांगा चहा करायला!"

सर गेल्यावर फोटोवाल्या दादासोनं कॅमेऱ्यातला अर्धामुर्धा रोल बारामतीहून धुऊन आणला.

"काकू, फुगा फुटलेला एकात बी न्हाय बगा. समद्यात सरच हायेत."

"माझ्या हाकेनं वाया गेलेले असतील रे ते."

तो गेल्यावर चार वाजता श्यामलाबाई आपला एक कप घेऊन फोटो बघायला बसल्या. हाकेच्या पहिल्याच अक्षराला फ्लॅश उडत असे. तेवढ्यात कुणाला मान वळवणंही जमलं नसतं.

तरी प्रत्येक फोटोत टाचणी टेबलावर पडली होती, आणि सर आधीपासूनच दाराकडे बघत हसत बसले होते.