परत आलेला अभ्रा

मंगळवारी ऑस्ट्रेलियातल्या टुवूम्बा गावी चर्चच्या हॉलमध्ये बायका उरल्यासुरल्या कापडाचे उशांचे अभ्रे शिवत होत्या, मुलांच्या कॅन्सर वॉर्डासाठी. “मर्ल, तुझी शिवण म्हणजे दारुड्याची चाल गं!” डल्सी हसली, तोच दारात एक तरुण बाई आली. हातात ट्रॅक्टरांच्या चित्रांचा अभ्रा, धुऊन इस्त्री केलेला. डल्सीनंच शिवलेला. शिवणयंत्रं थांबली. घरी जाताना मुलं आपला अभ्रा सोबत नेतात. परत कुणी आणत नाही. “लेकाला आता नको. दुसऱ्या कुणाला द्या.” वापरलेला अभ्रा वॉर्डात चालत नाही, हा नियम डल्सीच सगळ्यांना बजावायची. “देते हं, पोरी.” बाई हलेना. शेवटी डल्सीनं तो नव्या अभ्र्यांच्या खोक्यात वर ठेवला. बाईनं उचलून मधोमध सारला. “वरचा मळतो.” मर्लनं मान खाली घातली. “कुणाला मिळाला, तेवढं कळवाल ना?” बाईनं विचारलं. डल्सी हो म्हणाली.