काठोकाठ घागरी

वृषणात गाठ लागतेय, हे रामकिशननं बायकोलाही सांगितलं नव्हतं. जीभच रेटली नाही. चालताना अवघडायला लागलं, तेव्हा तो मुरुडच्या टँकरवरून पाणी घेऊन आला आणि खोटंच म्हणाला, "सायकल घसरली. दांडा नाजूक जागी लागला."

सुमननं सायकलवरच्या घागरी उतरवल्या. म्हणाली, "चला, लातूरला दाखवू."

लातूरला कॅन्सर निघाला. तेव्हापासून तिचं एकच चालू, "माझ्यापायी झालं हे." पाण्याला आपण धाडलं म्हणून ती रडते, असं रामकिशनला वाटत होतं. तरी खरं सांगायचा धीर होत नव्हता.

ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, "गाठ एकाच वृषणात होती, ते काढलं; दुसरं शाबूत आहे. आणखी उशीर केला असता, तर कॅन्सर अंगभर पसरला असता. आणि ताई, मार लागून कॅन्सर होत नसतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

डॉक्टर गेले. रामकिशनला राहवलं नाही. "सुमन, त्या दिवशी मी पडलोच न्हवतो."

"ठावं हाय. घागरी काठोकाठ भरलेल्या व्हत्या."

"मग माझ्यापायी, माझ्यापायी म्हणून रडत का व्हतीस?"

सुमननं त्याचं पांघरूण सारखं केलं.

"इतकं दुखणं अंगावर काढलं, पण मला सांगायची लाज वाटली तुमाला. ते माझ्यापायीच न्हवं का?"