खिडकीची सीट

"पुस्तक वाचून हसून हसून पोट दुखलं! घाटात ड्रायव्हरलाच शिकवणाऱ्या त्या वहिनींना द्या ना फोन."

"ती बाजारात गेलीय," विद्याधररावांनी फोनवरच्या वाचकाला नेहमीचं उत्तर दिलं. पत्नी जिथे वारली त्या शुश्रूषाकेंद्राच्या मदतीसाठी त्यांनी दोघांच्या सिमला सहलीचं छोटंसं पुस्तक काढलं होतं. मागे फोन नंबर छापला होता, आणि प्रत्येक वाचकाला वहिनींशीच बोलायचं असायचं.

संध्याकाळी एका बाईंचा फोन आला. "मीही त्याच बसमध्ये होते. तुमच्या शेजारी तर कुणीच नव्हतं!"

विद्याधरराव ओशाळले. "ती आधीच गेली होती. तिची सीट रद्द करवेना."

बाई म्हणाल्या, "तरीच! अख्खा घाट संपला, पण तुम्ही काही खिडकीकडे सरकला नाहीत."