पहिला प्रश्न

श्रीगोंद्याजवळच्या पशुखाद्याच्या कारखान्यात आग विझवण्याचं प्रशिक्षण होतं. नगरहून आलेल्या आदिनाथ सरांनी पत्र्याच्या ट्रेमध्ये थोडं डिझेल ओतून पेटवलं, लाल सिलिंडर उचलला आणि म्हणाले, "घाबरायचं नाही. आधी ही पिन..."

तेवढ्यात झाडलोट करणाऱ्या लंकाबाईंनी ओलं पोतं टाकून आग विझवलीसुद्धा.

सरांनी पुन्हा पेटवली. "हां, तर पिन ओढायची, मग नळी..." पुन्हा ओलं पोतं!

कामगार हसून हसून बेजार. सरांचा पारा चढला. "मावशी, मला शिकवू द्या की!"

"शिकवा की. पर आदी इझवू द्या."

"अहो, ही आग मीच लावलीय!"

"आगीला काय ठावं, कुनी लावली ते? आमी ऊसतोडीला गेल्तो, तवा आमची ऱ्हायाची पाचटाची कोपी पेटली. पंचवीस मानसं अशीच गोल करून बघत हुती."

हसणं थांबलं. सरांनी लंकाबाईंना खुर्ची दिली, पोतं मात्र स्वतःच्या पायाखाली दाबून ठेवलं आणि तिसऱ्या खेपेला एकदाचं प्रात्यक्षिक उरकलं.

शेवटी लेखी परीक्षा झाली. पहिलाच प्रश्न होता, 'आग लागल्यास सर्वप्रथम काय कराल?' सिलिंडर, पिन, नळी, सरांनी सगळं फळ्यावर लिहून ठेवलं होतं. तरीही बत्तीसच्या बत्तीस कागदांवर एकच उत्तर होतं:

'लंकाबाईंना हाक मारू.'