बिनखिम्याचा डोल्मा

शाझियेने टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या आतून पोखरून ताटात मांडल्या, तेव्हा दुपारची बांग होऊन गेली होती आणि तहसीनच्या बोटीचा अजून पत्ता नव्हता.

कालपासून दक्षिणेचा वारा सुटला होता. मासेमारीच्या बाकीच्या बोटी रातोरात धक्क्याला लागल्या. एकटा तहसीन बाहेर राहिला. कुणाचं ऐकायचं म्हटलं की त्याला कमीपणा वाटे. त्याची आई मकबुले सकाळपासून खिडकीशी बसून समुद्राकडे बघत होती आणि शाझिये, त्याची बायको, स्वयंपाकघरात हात चालवत होती.

सकाळी तिने फ्रीजमधून खिमा काढून ओट्यावर ठेवला होता. समुद्रावरून आलं की तहसीनला खिमा-भात भरलेल्या मिरच्यांचा डोल्मा लागायचा, वाफाळता, वर दही घातलेला. पण खिमा थोडा वेळ ओट्यावर राहिला आणि मग तिनेच तो उचलून पुन्हा आत ठेवला. ढीगभर कांदा चिरला, ऑलिव्हच्या तेलात तांदळाबरोबर परतला, चिलगोजे टाकले, दालचिनी टाकली, सुका पुदिना चुरडून घातला. हा तिच्या माहेरचा डोल्मा. त्यात मांस नसतं आणि तो गरम खात नाहीत. रात्रभर मुरवायचा आणि दुसऱ्या दिवशी थंड खायचा.

लग्नानंतर तिने तो एकदाच केला होता. "हा बकरीचा चारा कुणाला?" असं म्हणून तहसीनने पातेलं गालिच्यावर पालथं केलं होतं आणि मानेला धरून तिला शितं वेचायला लावली होती.

शेजारची एमसालताई डोक्याचा रुमाल सावरत आत आली. बचावाची बोट गेली आहे, अजून निरोप नाही, म्हणाली. मग तिची नजर मिरच्या-टोमॅटोंच्या रांगांकडे गेली.

"याला म्हणतात बायको. नवरा भुकेजून येईल म्हणून रांधत बसलीय. आला की गरम गरम वाढ हं त्याला."

"हो, ताई," शाझिये म्हणाली. तिचे कान तापले होते. तिने मान वर केलीच नाही.

एमसाल गेल्यावर ती भांड्यातला भात नुसताच ढवळत राहिली. तो परत येऊ नये असं तिला वाटत होतं. असलं मागणं अल्ला ऐकतो का, आणि ऐकलंच तर पुढे त्याचा जाब कसा मागतो, याची तिला भीती वाटत होती. दुसऱ्या बायकांचे नवरे असे अडकले, तेव्हा त्या धक्क्यावर ऊर बडवत होत्या. आपण मात्र घरी बसून स्वतःच्या आवडीचं रांधतोय. तिला स्वतःची किळस आली. तरी मागणं काही थांबेना.

मकबुले खिडकीपासून उठली. येऊन समोर मांडी घालून बसली आणि खारवलेली द्राक्षाची पानं पुढ्यात ओढून भात भरू लागली. तिचं डावं मनगट वाकडं जुळलेलं होतं. अंगणात पडले, असं ती तहसीनच्या देखत सगळ्यांना सांगायची. तरी तिच्या हातची गुंडाळी करंगळीएवढी बारीक उतरे. चारपाच पानं झाल्यावर तिने भाताचा घास करून तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"मनुका घातल्या नाहीस?"

शाझियेचा हात जागीच थांबला. काळ्या बारीक मनुका फक्त बिनखिम्याच्या भातात पडतात. म्हातारीला कळलं होतं.

"विसरले, आई."

"मग घाल की. माझ्या तोंडाकडे काय बघतेस? आणि पानं जरा बारीक गुंडाळ. डोल्मा आहे पोरी, उशी नव्हे."

शाझियेने मनुका घातल्या. ती सासूचा चेहरा वाचायला बघत होती, पण काही हाती लागेना. पोटचा पोर समुद्रात असताना ही मनुकांचं काय घेऊन बसली? दुःखाने भान सुटलंय, की सगळं ओळखून पोटात ठेवतेय? दोघींनी पातेलं लावलं, वर लिंबाच्या चकत्या ठेवल्या, डोल्मे हलू नयेत म्हणून बशी उपडी दाबली. मंद आचेवर पाणी आटलं आणि बाहेर उन्हं कलली.

मग गल्लीत आरडाओरडा झाला. कुणीतरी हसलं. दारात रबरी बूट आपटल्याचा आवाज आला.

तहसीन नखशिखांत भिजला होता. मिशांवर मीठ वाळलं होतं. "वारा मला खातोय होय?" तो म्हणाला, आणि दोघींपैकी कुणी धावत आलं नाही हे त्याच्या लक्षातही आलं नाही. तो थेट चुलीशी गेला. झाकण उचललं, बशी बाजूला केली, एक मिरची बोटांनी फोडली. आत मनुका होत्या.

"खिमा कुठाय?"

आवाज चढलेला नव्हता. तसा तो कधीच चढत नसे. शाझिये भिंतीला टेकली.

मकबुले दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. मुलाच्या छातीएवढीही ती नव्हती.

"मीच सांगितलं तिला, बिनखिम्याचं कर म्हणून."

ती खोटं बोलत होती, आणि शाझियेला ते कळत होतं. पुढचं मात्र खरं होतं.

"तुला आज जेवायला धरलंच नव्हतं, तहसीन. तिनं नाही अन् मीही नाही."