श्रीखंडाचं यंत्र

रेसिडेन्सीतला साहेब इंदूर सोडून गेला, तेव्हा मामंजींनी त्याचं विजेवर फेटायचं यंत्र घेतलं. तेव्हापासून चार पाडवे सासूबाई नैवेद्याचं श्रीखंड सोवळ्यात त्यातच फेटत होत्या. पाचव्या पाडव्याला तेल घालायला मी यंत्राचं डोकं उघडलं. आत वंगणात पांढरा कपचा रुतलेला होता. कॉलेजात शिकल्याप्रमाणे मी त्यावर लिंबू पिळलं आणि बुडबुडे फसफसले. अंड्याचं टरफल! मामंजींना कळलं, तर यंत्र आजच घराबाहेर जाणार. "आई, ह्यात अंडी फेटलीत साहेबानं!" "जरा धीरे बोल." सासूबाईंनी टरफल चिमटीत उचलून खिडकीबाहेर फेकलं. "असंच एक मला पहिल्याच वर्षी सापडलं होतं." मी विचारलं, "आणि सोवळं?" "हातानं चक्का फेटून फेटून मनगटं गेली गं माझी. देवाला मी सगळं सांगितलंय. फक्त ह्यांना सांगू नकोस."